आजन्म परवाना

गुजरातेत दारूबंदी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बंदीच्या भिंतीला एक खिडकी ठेवलेली आहे, हे तितक्या जणांना ठाऊक नसते. खिडकीचे नाव ‘आरोग्य परवाना’. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने आपल्या प्रकृतीला मद्य आवश्यक असल्याचे डॉक्टरांकडून वदवून घेतले आणि कागदपत्रांचे सोपस्कार पार पाडले, की त्याला दरमहा ठरावीक मद्य राजरोस विकत घेता येते. इथवर ठीक. मौज आहे ती पुढच्या कोष्टकात. चाळीस ते पन्नास वयाच्या माणसाला महिन्याला तीन एकके. पन्नास ते पासष्टच्या माणसाला चार. आणि पासष्टी उलटली की पाच! एक एकक म्हणजे विलायती मद्याची साडेसातशे मिलिलिटरची एक बाटली. म्हणजे माणूस जसजसा पिकत जाईल तसतसा त्याचा पेला मोठा होत जावा, अशी ही शासकीय योजना. ज्येष्ठांना रेल्वेत खालचा बर्थ, बँकेत वेगळी रांग, तसाच हाही एक वयाचा मान.

मी मराठीचा अध्यापक. हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. तरी पाच बाटल्यांना तीस दिवसांनी भागण्याइतके गणित अजून येते. रोजचे सव्वाशे मिलिलिटर झाले. म्हणजे तीस मिलिलिटरचे छोटे पेग चार, आणि वर चवीपुरते. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. अमेरिकेतील मद्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने पासष्टीपुढच्या निरोगी आणि कुठलीही औषधे न घेणाऱ्या माणसासाठी जी कमाल मर्यादा सांगितली, ती आपल्या छोट्या पेगात मोजली तर दिवसाला जेमतेम दीड पेग होते. इंग्लंडातील मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ साली एक अहवाल काढला. त्यांनी ती आणखी खाली, एका छोट्या पेगाच्या जरा वर, आणून ठेवली. आणि २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने तर सांगूनच टाकले, की निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे मापच नाही. आमचे कोष्टक मात्र वयाबरोबर चढत्या श्रेणीने चालले आहे!

गुजरातेला हसण्याचे आपल्याला कारण नाही. तो कायदा मूळचा मुंबई राज्याचा, १९४९ सालचा. १९६० पर्यंत आपण दोघे एकाच छपराखाली होतो. आपल्याकडे बंदी पुढे सैल झाली, इतकी सैल की ती होती हेही लोक विसरले. पण कायद्याच्या कागदावर दारू पिणाऱ्याला आजही परवाना लागतोच, आणि तोही आरोग्य राखण्याच्या कारणासाठी. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि आजन्म म्हणूनही मिळतो. गावोगावच्या पाट्यांवर ‘परमिट रूम’ ही अक्षरे आपण वाचतो. त्यातले परमिट कशाचे, असा प्रश्न कुणाला पडत नाही. ते प्रकृतीचे परमिट आहे, वाचकहो! आज पंच्याहत्तरीत असलेली पिढी त्या कायद्याच्याच वयाची आहे. १९५० साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि त्याच सुमारास ही मंडळी पाळण्यात होती. दारू ही एक तर चोरून पिण्याची गोष्ट, नाही तर औषध म्हणून पिण्याची, हे दोन्ही धडे त्यांना लहानपणीच मिळाले. हे दोन धडे म्हातारपणी एकत्र आले म्हणजे काय होते, ते आज सांगायचे आहे.

दिवाळी अंकात, चकलीच्या शेजारी, हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु याच दिवसांत अमेरिकेतला मुलगा घरी येतो. आईसाठी तो बदाम आणतो, आणि विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातली एक सुबक, डबीबंद बाटली बाबांसाठी. “बाबा, आता तुम्ही आणि मी बरोबरीचे,” असे म्हणून तो स्वतःच्या हाताने ओततो. बाबांच्याही डोळ्यांत पाणी येते. प्रसंग हृद्य आहे, त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मुलगा पंधरा दिवसांनी परत जातो आणि बाटली मागे राहते, एवढेच.

मराठी माणसाच्या मनातला दारुड्या हा गडकऱ्यांनी घडवलेला आहे. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ साली, गडकरी गेल्यानंतर अवघ्या महिन्याभरात. शंभरावर वर्षे झाली, तरी दारू म्हटले की आपल्याला सुधाकरच दिसतो: तरुण, बुद्धिमान, वकिलीत नाव काढणारा, आणि घराची राखरांगोळी करणारा. वर्गात हे नाटक शिकवताना मी मुलांना नेहमी एक गोष्ट दाखवतो. सुधाकर पहिला प्याला घेतो तो चैनीखातर नव्हे. भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडून त्याची सनद गेलेली असते. ज्या कामाने त्याला नाव दिले ते काम एका दिवसात नाहीसे होते, आणि अपमानाचा तो सल बोथट करायला तळीराम पुढे होतो. आता हीच गोष्ट अठ्ठावन्न किंवा साठाव्या वर्षी लावून पाहा. नारळ, शाल, दोन भाषणे, आणि दुसऱ्या दिवसापासून सनद रद्द! काल ज्याच्या सहीवाचून फाईल हलत नव्हती, त्याला आज गॅसच्या नंबराला उभे राहण्यावाचून काम नाही. फरक एवढाच, की सुधाकराची सनद काही काळाने परत मिळणार होती.

शिवाय सुधाकर पितो हे साऱ्या गावाला कळते. कामावर खाडे पडतात, अब्रू जाते, बायकोच्या अंगावरचे दागिने नाहीसे होतात. तरुण माणसाच्या बाबतीत अशा घंटा वाजतातच. साहेब नोटीस देतो, बायको माहेरी जाते, रात्री गाडी चालवताना पोलीस अडवतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत यातली एकही घंटा वाजत नाही. त्याला साहेब नाही. कित्येकदा बायकोही उरलेली नाही. गाडी चालवणे मुलांनी बंद केलेले असते. पेन्शन बँकेत जमा होते, तिचे खाडे होत नाहीत. तो शिवीगाळ करत नाही, गटारात पडत नाही. संध्याकाळी सात वाजता आपल्या खोलीचे दार लोटून घेतो आणि साडेआठला जेवायला येतो, तेव्हा थोडा गप्प असतो. पडतो, विसरतो, चिडतो, खात नाही, झोपत नाही. पण ही सारी लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतात. मघाच्या इंग्रजी अहवालाचे नावच ‘आपले अदृश्य व्यसनी’ अशा अर्थाचे होते. आपल्याकडे २०१९ साली केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभरच्या व्यसनांची पाहणी प्रसिद्ध केली. मद्य घेणारे सोळा कोटी, आणि पुरुषांत शेकडा सत्तावीस, असे आकडे तीत आले. ती पाहणी दहाव्या वर्षापासून पंच्याहत्तराव्यापर्यंतच्या लोकांची. पंच्याहत्तरीनंतर माणूस मोजणीतूनही निवृत्त झाला!

हे अदृश्य असणे किती महाग पडते याचे एक उदाहरण सांगतो. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. माझ्या एका सहाध्यापकांचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, रात्री न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडले. खुब्याचे हाड मोडले. इस्पितळात दाखल करताना छापील अर्जावर रक्तदाब, मधुमेह वगैरे चौकटी होत्या, त्यांतच एक ‘व्यसन’ अशीही होती. मुलाने तिच्यापुढे ‘नाही’ लिहिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी हात कापू लागले, घाम फुटला. तिसऱ्या रात्री आजोबा सलाईनची नळी ओढू लागले. भिंतीवर मुंग्यांच्या रांगा चालल्या आहेत म्हणून ओरडू लागले, आणि तीस वर्षांपूर्वीच्या शिपायाला नावाने हाका मारून फाईल मागू लागले. घरच्यांना वाटले, भुलीचा परिणाम. शेजारच्या खाटेवाल्यांना वाटले, वयाचा. रात्रपाळीची परिचारिका मात्र जाणती होती. तिने सुनेला बाजूला घेतले.

“ताई, आजोबा रोज काही घेतात का हो?”

मुलगा पंख्याकडे पाहू लागला. सून म्हणाली, “हो. रोज. सातला बसतात. एक क्वार्टर संपते.”

“किती वर्षं?”

“सासूबाई गेल्यापासून. सहा झाली.”

त्यानंतर चक्रे फिरली आणि आजोबा वाचले. सकाळी डॉक्टर मुलाला एवढेच म्हणाले, “सर, हे तुम्ही दाखल करताना सांगितलं असतंत, तर ही रात्र आलीच नसती.”

झाले होते ते असे. रोज मद्य घेणाऱ्याच्या मेंदूवर ते दाब ठेवून असते, आणि त्या दाबाविरुद्ध मेंदू स्वतःला सतत ताणून धरायला शिकतो. मद्य एकाएकी बंद झाले की दाब जातो, ताण तसाच राहतो. उताणा पडलेला रोगी इस्पितळात काही पीत नाही. म्हणजे तिथे त्याची दारू सक्तीने सुटलेलीच असते. शेवटच्या पेल्यानंतर पहिल्या दिवसातच कापरे, घाम, अस्वस्थपणा सुरू होऊ शकतो. काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात. आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान हा भ्रम. मुंग्या, किडे, गेलेली माणसे दिसू लागतात. म्हाताऱ्या शरीरात हे प्राणावर बेतू शकते. आधी माहीत असेल तर औषधे देऊन तो ताण हळूहळू उतरवता येतो आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देता येतात. माहीत नसेल तर ‘म्हातारे आहेत, बरळणारच’ म्हणून दिवस जातात. ‘नाही’ हे दोन अक्षरी उत्तर त्या मुलाने वडिलांच्या अब्रूसाठी दिले होते. त्याचा पितृभाव मला समजतो. पण अब्रू ही गोष्ट भूलतज्ज्ञाच्या उपयोगाची नाही.

आणि घरी परस्पर बंद केली तरी हेच होते, म्हणून तेही इथेच सांगून टाकतो. पुष्कळ घरांत एक दिवस सून किंवा मुलगी कमरेला पदर खोचते, बाटल्या मोरीत ओतते आणि “आजपासून बंद!” म्हणून जाहीर करते. कथा-चित्रपटांतून हा प्रसंग टाळ्या घेतो. रोज पिणाऱ्या सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आता, वय वाढल्यावर तीच मात्रा अधिक का बाधते? “गेली चाळीस वर्षं दोनच घेतोय, कधी तिसरा नाही,” असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ आपण पाहतो. ते खोटे बोलत नसतात. पण पेला तोच राहिला आणि भांडे लहान झाले, हे त्यांच्या ध्यानात आलेले नसते. तरुण पुरुषाच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. सत्तरीत ते पन्नासच्या घरात येते. स्नायू झडतात, चरबी वाढते. मद्य विरघळते ते पाण्यात. पाणी कमी, म्हणजे तेच दोन पेग आता रक्तात अधिक दाट उतरतात. यकृताकडे जाणारा रक्ताचा ओघ मंदावलेला असतो. मेंदूही पूर्वीपेक्षा हळवा झालेला असतो. चाळिशीत दोन पेगांनी गाणे सुचत असेल. पंच्याहत्तरीत त्याच दोन पेगांनी न्हाणीघराचा उंबरा दिसेनासा होतो. त्यातून या वयात रात्री दोनतीनदा उठावे लागतेच, आणि मद्याने ती संख्या वाढते. मद्याने झोप लागते हे खरे, पण उत्तररात्री तेच ती मोडते. म्हणून मग झोपेसाठी आणखी थोडी, असा हा रहाटगाडा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे गोळ्यांचा डबा. सात कप्प्यांचा, सोमवार ते रविवार लिहिलेला प्लास्टिकचा डबा आता घरोघरी देव्हाऱ्याइतकाच नित्याचा झाला आहे. त्या डब्यातल्या किती गोळ्यांचे पेल्याशी वैर आहे, हे कुणी विचारत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या आणि मद्य दोन्ही दाब उतरवतात. खुर्चीतून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी. झोपेची गोळी आणि मद्य एकाच दिशेने ओढतात आणि श्वासच मंद करून टाकतात. सांधेदुखीच्या गोळ्यांनी आधीच सोललेल्या जठरातून मद्याने रक्तस्राव होऊ शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांचा तोल बिघडतो. परंतु सर्वांत कपटी वैर मधुमेहाच्या औषधांशी आहे. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवण्याचे काम यकृत करते. मद्य आले की यकृत ते काम बाजूला ठेवून मद्याच्या मागे लागते. आजोबांनी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले आहे, दोन पेग घेतले, आणि “आज भूक नाही” म्हणून ताट सरकवले, की रात्री साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. तेव्हा माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. घरचे एकमेकांकडे पाहून म्हणतात, “आज जास्त झालेली दिसते. झोपू दे त्यांना.” नेमके हेच करू नये. अशा वेळी बोटाला सुई टोचून यंत्रावर साखर पाहावी. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता तडक इस्पितळ गाठावे.

मुंबईच्या एका वाचक भगिनीचे पत्र माझ्यापुढे आहे. आई सत्तरीची, वडील गेल्यावर एकटी राहते. खूप वर्षांपूर्वी कफावर कुणीतरी सुचवले म्हणून गरम पाण्यातून चमचाभर ब्रँडी घेऊ लागली. चमच्याचा झाला कप. बाटली औषधांच्याच फडताळात असते, आणि संपली की वाण्याच्या पोऱ्याकडून नव्हे, तर लांबच्या दुकानातून रिक्षाने जाऊन आणली जाते. “आई सोवळ्यात स्वयंपाक करणारी. तिच्या बाबतीत दारू हा शब्द उच्चारायलाही जीभ वळत नाही,” असे त्या बाईंनी लिहिले आहे. भाषेच्या शिक्षकाला हे वाक्य थांबवून ठेवते. आपल्याकडे पुरुष घेतात ती ‘दारू’ किंवा ‘ड्रिंक’, आणि बायका घेतात ते ‘औषध’. ब्रँडीने ऊब येते ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात म्हणून ऊब वाटते; प्रत्यक्षात त्या वाटेने शरीराची उष्णता बाहेरच जाते. आसवे आणि अरिष्टे यांतही आंबवण्याने तयार झालेले मद्यार्क असतेच. वैद्याने सांगितलेल्या मात्रेत घेणे वेगळे, आणि द्राक्षासवाच्या बाटलीने दुपार काढणे वेगळे. स्त्रीच्या शरीरात मुळातच पाण्याचा अंश कमी, त्यामुळे तितक्याच मापाने तिला अधिक बाधते.

‘हृदयाला थोडी चांगली असते’ हा आणखी एक परवाना, मित्रमंडळींनी एकमेकांना दिलेला. मोजके पिणारे मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा अधिक जगतात, असे जुन्या पाहण्यांतून दिसत असे. पुढे लक्षात आले, की ‘मुळीच न पिणारे’ या रांगेत आजारपणामुळे सोडून बसलेले पुष्कळ जण उभे होते. ते लवकर जायचे ते त्या आजाराने! त्यांना वगळून हिशेब मांडल्यावर पेल्याचे पुण्य बरेच आटले.

विस्मरणाबद्दल दोन शब्द. मॉस्कोच्या सर्गेई कोर्साकोव्ह या डॉक्टरांनी १८८७ साली अतिमद्यपान करणाऱ्यांतला एक विलक्षण स्मृतिदोष नोंदवला. जुने सगळे आठवते, सकाळचे आठवत नाही. आणि न आठवणारी फट माणूस रचलेल्या गोष्टींनी भरून काढतो, अगदी मनापासून. त्याच्या मुळाशी ब-१ जीवनसत्त्वाचा दुष्काळ असतो. पिणारा जेवत नाही, आणि जे जेवतो त्यातले हे जीवनसत्त्व अंगी लागत नाही. घरात ‘आजोबांना विस्मरण झालंय’ म्हणून जे स्वीकारले जाते, त्यातले थोडेफार पेल्यातून आलेले असू शकते. वेळीच थांबले तर ते काही अंशी भरूनही येते. नुसत्या म्हातारपणाच्या विस्मरणाला ही सोय नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला क्षुल्लक वाटत नाही. सत्त्याहत्तर वर्षांचे माझे एक स्नेही, उत्तम वाचक, मला म्हणाले, “मास्तर, दात गेले, कान गेले, बरोबरीचे सगळे गेले. संध्याकाळचा हा एक तास माझा आहे. तो घेऊन तुम्ही मला काय देणार? आणखी दोन वर्षं? ती कुणाला हवी आहेत?” याला उत्तर म्हणून मी कोष्टक पुढे करणार नाही. ज्याला एखादा पेग खरोखर आनंद देतो, ज्याच्या डॉक्टरांना तो ठाऊक आहे आणि ज्याच्या गोळ्यांशी त्याचे भांडण नाही, त्या शहाण्या माणसाच्या हातातून पेला काढून घेण्याचा मक्ता मी घेतलेला नाही. पण स्नेह्यांच्या वाक्यात पेला थोडा आणि एकटेपणा फार होता. आणि मद्य देते ती दोन वर्षे कमी, असा सौदा क्वचितच असतो. बहुधा ते दोन वर्षे खाटेवर देते: खुबा मोडून, लंगोट बांधून, दुसऱ्याच्या हातून भरवून घेत. स्वाभिमानी माणसाला मरणाहून ज्याची भीती वाटते, नेमके ते.

यात आशेची बाजू आहे, आणि तिची वाच्यता फार कमी होते. म्हातारपणी दारूच्या आहारी गेलेल्यांतले सुमारे दोन तृतीयांश तरुणपणापासून पिणारे असतात; उरलेले एक तृतीयांश साठीच्या आसपास, निवृत्ती, वैधव्य, आजारपण यांपैकी कशाने तरी सुरू झालेले. या दुसऱ्या वर्गातली माणसे उपचारांना चांगली दाद देतात. एकूणच वृद्धांना उपचारांचा गुण तरुणांपेक्षा कमी येत नाही. उलट ते औषधे वेळेवर घेतात, ठरल्या दिवशी येतात, सांगितलेले ऐकतात. ‘आता या वयात काय सुटणार?’ हे वाक्य घरच्यांच्या कंटाळ्यातून येते, अनुभवातून नव्हे. माझ्या सहाध्यापकांचे वडील महिन्याभराने काठी टेकत घरी आले. सातचा तास मोकळा पडला, तो रिकामा ठेवून चालणार नाही हे सुनेने ओळखले. तिने नातवाचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवला. आता नातवाची तक्रार अशी की आजोबा फार शुद्धलेखन काढतात.

विचारायचे कसे, हा खरा पेच. वडिलांना विचारण्याची आपली रीत नाही, आणि पांढरे केस पाहून डॉक्टरही विचारायला संकोचतात. जॉन युइंग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचे चार प्रश्न १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर रूढ झाले. कमी करावी असे कधी वाटले का. कुणी त्यावरून बोलले तर राग येतो का. मनाला टोचणी लागते का. आणि सकाळी उठल्याबरोबर घ्यावीशी वाटते का. दोहोंना होकार आला तर डॉक्टरांकडे जावे. वृद्धांसाठी याला मी माझ्यापुरते आणखी एक जोडतो: सातची वेळ टळली तर काय होते? या प्रश्नावर जे उत्तर येते, किंवा येत नाही, त्यात पुष्कळ असते. मात्र हे विचारायचे सकाळी, चहाच्या वेळी, एकट्याने. संध्याकाळी सर्वांसमक्ष नव्हे. आणि आवाज न्यायाधीशाचा नको.

पुढचा मार्ग पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. सरकारी इस्पितळांतल्या मानसोपचार विभागात हे उपचार होतात. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आहे. अमेरिकेत १९३५ साली दोघा पिणाऱ्यांनीच सुरू केलेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभा आपल्या शहरांतून भरतात, तिथे नाव सांगावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा दूरध्वनी क्रमांक १४४४६ आहे, आणि ज्येष्ठांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७.

आणि एक मापाचे राहिले. डॉक्टर “किती घेता?” विचारतात तेव्हा “थोडी” किंवा “दोन” हे उत्तर असू नये. घरच्या पेल्यातला पेग हा बाटली तिरपी करणाऱ्या हाताचा पेग असतो. खोकल्याच्या औषधाबरोबर मिलिलिटरच्या रेघा असलेली एक छोटी प्लास्टिकची टोपी मिळते. एका संध्याकाळी नेहमीच्या पेल्यात नेहमीइतके पाणी ओतावे आणि त्या टोपीने मोजून पाहावे. तो आकडा आणि सात कप्प्यांचा डबा, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जावे.